नॉर्वेचे डोंगर कोणी खाल्ले?

माझ्या भाच्याला लॅपटॉपवर विमानं उडवायचा भारी नाद. रविवारी बेलापूरला आमच्याकडे आला आणि एक फुकटातला सिम्युलेटर लावून नॉर्वेत स्टॅव्हँगरहून बर्गनला निघाला. उजवीकडे झकास डोंगर, आणि मधेच कात्रीने कापल्यासारखे गायब, पुढे नुसतं सपाट मैदान! बर्गन म्हणजे चहूबाजूंनी डोंगर, त्यातला उलरिकन 643 मीटरचा, आणि इथे साधं टेकाड नाही. "मामा, गेम गंडलाय." मी अक्षांश बघितला, 60 च्या वर. म्हटलं गेम नाही रे, हा स्पेस शटलचा प्रताप.

अशा बऱ्याच फुकट सिम्युलेटरमधले डोंगर येतात फेब्रुवारी 2000 मधल्या नासाच्या एन्डेव्हर या स्पेस शटल यानाच्या 11 दिवसांच्या फेरीतून. यानात एक रडार आणि 60 मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरा अँटेना. आपले दोन डोळे असतात तसंच, रडारची लहर जमिनीवर आपटून दोन्हीकडे परत येते पण एकीकडे किंचित उशिरा, आणि लहरच मुळात साडेपाच सेंटीमीटरची, त्यामुळे तिच्या चढउतारातला म्हणजे फेजमधला फरक मोजला की कोन कळतो आणि कोनावरून उंची, तीही 233 किलोमीटरवरून! मला तर हे अजून जादूच वाटते.

आता डोंगर 60 अक्षांशावरच का संपतात? मोसंब्यावर रबर तिरकं चढवून बघा. जितकं तिरकं तितकंच ते वर जातं, देठाला शिवत नाही. यानाची कक्षाही तशीच, विषुववृत्ताशी 57 अंशांची, म्हणजे यान 57 अक्षांशापलीकडे जाणारच नाही. मग कक्षा आणखी तिरकी का नाही? फ्लोरिडातून पूर्वेकडे उडालं की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो, ध्रुवाकडे वळावं तसा तो हातचा जातो, शिवाय खाली वस्ती येते. रडार तिरकं उत्तरेकडे बघत होतं म्हणून तिकडे 60 पर्यंत दिसलं आणि दक्षिणेला 56 वरच थांबलं. तरी 80 टक्के जमीन मोजून झाली. राहिलं काय, तर आइसलँड, जवळजवळ अख्खं ग्रीनलँड, अंटार्क्टिका आणि अलास्कातला 6190 मीटरचा डेनाली. तिथे दुसरीकडचा डेटा भरला नाही तर सिम्युलेटर सरळ शून्य उंची धरतो.

सोसायटीच्या ग्रुपवर एक काका सांगत होते की नासा ध्रुवाजवळचं काहीतरी लपवतंय. काका, मोसंबं आणि रबर घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि 2010 पासून जर्मनीचे दोन उपग्रह जोडीने ध्रुवांवरून फिरून तिकडचे डोंगरही मोजून बसलेत.

संध्याकाळी भाच्याने विमान नवी मुंबईला आणलं. विमानतळासाठी सुरुंग लावून कापलेली उलव्याची टेकडी त्याच्या स्क्रीनवर अजून जशीच्या तशी उभी, कारण डेटा 2000 चा! पोरगं तिच्यावरच आदळलं.