दुर्घटनेनंतर मृतदेहाची ओळख: डीएनए नमुना कोणी द्यायचा, कागदपत्रं कोणती लागतात

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळलं आणि २६० जणांचा जीव गेला. विमानातल्या कर्मचाऱ्यांपैकी काही जण मुंबई, ठाणे, रायगडकडचे होते. बहुतेक मृतदेह इतके जळाले होते की चेहऱ्यावरून ओळखणं शक्यच नव्हतं. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नातेवाइकांचे नमुने घेतले गेले, गांधीनगरला ते जुळवले गेले, आणि शेवटच्या मृताची ओळख पटेपर्यंत जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. अशा वेळी घरच्यांना कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून ही माहिती.

ओळख कशावरून ठरते

इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेच्या पद्धतीनुसार बोटांचे ठसे, दात आणि डीएनए हे तीन मुख्य पुरावे. अंगठी, मंगळसूत्र, शर्ट, गोंदण यांना पूरक पुरावा मानतात. एकाची बॅग दुसऱ्याच्या हातात असू शकते, आणि दुःखात माणूस चेहराही चुकीचा ओळखतो. त्यामुळे ‘नुसतं बघून सांगा’ असं कुणी म्हटलं, तरी मृतदेह जळालेला किंवा कुजलेला असेल तर तपासणीचाच आग्रह धरा.

‘आधारला ठसे आहेत की’ असं बरेच जण विचारतात. पण आधार कायद्याच्या कलम २९ नुसार ते ठसे कुणालाही देता येत नाहीत. म्हणूनच बहुतेकदा सगळा भार घरच्यांच्या नमुन्यावर येतो.

नमुना देण्यास पात्र कोण

आई, वडील आणि मुलं सर्वांत आधी. ती नसतील तर सख्खी भावंडं, शक्यतो एकापेक्षा जास्त. पती किंवा पत्नीचं रक्ताचं नातं नसल्याने त्यांचा एकट्याचा नमुना जुळवायला चालत नाही; मुलांच्या नमुन्यासोबत मात्र तो उपयोगी पडतो. एकाच घरातले दोन भाऊ किंवा दोन बहिणी गेल्या असतील तर आईवडिलांच्या नमुन्यावरून नातं सिद्ध होतं, कुठला मृतदेह कुणाचा हे ठरत नाही. तिथे वय, दात आणि जुने एक्स-रे कामाला येतात. मूल दत्तक असेल तर ते तज्ज्ञांना आधीच सांगा. फार अवघड असतं ते, पण लपवलं तर नमुना जुळणारच नाही. नमुना देणाऱ्याला अलीकडे रक्त चढवलं असेल किंवा अस्थिमज्जा (बोन मॅरो) प्रत्यारोपण झालं असेल, तर तेही सांगायला हवं.

नमुना म्हणजे थोडं रक्त किंवा गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा. जवळचं कुणीच नसेल तर मृताचा टूथब्रश, दाढीचं रेझर, मुळासकट केस असलेला कंगवा कागदी पाकिटात घालून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. आणि घरातली आवराआवर तोपर्यंत थांबवा.

सोबत काय न्यायचं

स्वतःचं ओळखपत्र, मृताशी नातं दाखवणारा कागद, म्हणजे रेशनकार्ड, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, प्रवासाचं तिकीट असेल तर तेही. दात दिसणारा हसरा फोटो, दातांच्या डॉक्टरांकडचे एक्स-रे, हाडात रॉड किंवा प्लेट बसवली असेल तर त्या शस्त्रक्रियेचे कागद. यांचं मोल घरच्यांना तेव्हा कळत नाही, पण तज्ज्ञ नेमकं हेच विचारतात.

ताबा आणि दाखला

नमुना जुळला की पोलीस कळवतात. ज्याने नमुना दिला त्यानेच जाणं सोयीचं. दुसरं कुणी जाणार असेल तर लेखी अधिकारपत्र द्या. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि अंगावरच्या वस्तूंची यादी यांच्या प्रती मागून घ्या, विम्यासाठी लागतात. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. दाखल्याच्या बऱ्याच प्रती तिथूनच घेऊन निघा. भूकंप, पूर, दरड अशा आपत्तीत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून वारसांना ४ लाख रुपये मिळतात. त्यासाठी तहसील कार्यालयात जायचं.

१ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस जळून २५ जण गेले. डीएनए तपासणीला वेळ लागणार म्हणून त्यांतल्या २४ जणांवर बुलढाण्यात एकत्र अंत्यसंस्कार झाले. असा निर्णय घ्यायची वेळ आली, तर आधी प्रत्येक मृतदेहाचा नमुना काढून जपून ठेवलाय ना, हे विचारून लेखी घ्या, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

मृतदेह सापडलाच नाही तर

जुलै २०२३ मध्ये रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर मृत्यू मानता येतो. मात्र मोठ्या आपत्तीत सरकार वेगळी वाट काढू शकतं. उत्तराखंडातल्या चमोलीत २०२१ मध्ये आलेल्या पुरानंतर तशी पद्धत ठरली होती: राहत्या ठिकाणी बेपत्ता असल्याची पोलीस तक्रार, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, चौकशी, मग नावांची यादी जाहीर करून हरकतींसाठी ३० दिवस. हरकत आली नाही तर मृत्यूदाखला. त्यामुळे माणूस बेपत्ता असेल तर पहिल्याच दिवशी आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा आणि तिची पोच सांभाळून ठेवा.