रिस्क-फाइव्ह फुकट, आर्म विकत? अर्धंच खरं

आर्म आणि रिस्क-फाइव्ह हे प्रोसेसर घडवण्याचे दोन पर्याय. रिस्क-फाइव्ह फुकट आहे असं कुणी म्हटलं, की विचारावं: नेमकं काय फुकट?

प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची यादी, म्हणजे इन्स्ट्रक्शन सेट, ही एक गोष्ट. त्या आज्ञा पाळणाऱ्या कोरचा, म्हणजे चिपमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाचा, आराखडा ही दुसरी. दोन्हींना सर्रास आर्किटेक्चर म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आर्म ही कंपनी दोन्ही विकते. बहुतेक गिऱ्हाइकं तयार कोर घेतात: आधी परवान्याचे पैसे, मग चिपमागे रॉयल्टी. ॲपलसारख्या मोजक्यांकडे नुसत्या आज्ञांच्या यादीचा परवाना असतो. कोर ते स्वतः घडवतात. त्यातही कटकट आहेच. क्वालकॉम या चिप कंपनीने २०२१ मध्ये नुव्हिया ही कंपनी घेतली, आणि तिला आर्मने दिलेल्या परवान्याखाली झालेलं काम क्वालकॉमला वापरता येईल का, यावरून आर्म २०२२ मध्ये कोर्टात गेली.

रिस्क-फाइव्हचं काम २०१० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालं. तिथे फुकट आहे ती यादी. बाराखडी कुणाच्या बापाची नाही, पण पुस्तक कुणीतरी लिहावंच लागतं. काही कोर मोफत मिळतात. सायफाइव्ह, अँडीस यांच्यासारख्या कंपन्या मात्र आपले कोर पैसे घेऊनच देतात. मोफत कोर उचलला तरी तो तपासून घेणं, कंपायलर (प्रोग्रॅम त्या आज्ञांमध्ये उतरवणारं सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) जुळवणं हा खर्च तुमच्याच माथी. आर्मच्या किमतीत हे ओझं बरंचसं उचललेलं असतं, म्हणून ती किंमत मला नेहमीच अवाजवी वाटत नाही.

खरा फरक लवचीकपणात आहे. रिस्क-फाइव्हचा ३२ बिटांचा पाया जेमतेम ४० आज्ञांचा. गुणाकार-भागाकारसुद्धा वेगळी जोडणी, म्हणजे वरून जोडायचा आज्ञांचा गट! हवं ते जोडा, नको ते गाळा. स्वतःच्या आज्ञा घालायलाही जागा राखून ठेवलेली आहे. आर्मनेही २०१९ मध्ये काही छोट्या कोरसाठी अशी मुभा जाहीर केली, पण आखून दिलेल्या चौकटीत.

या मोकळेपणाची किंमत सॉफ्टवेअरवाले मोजतात. प्रत्येकाच्या जोडण्या निराळ्या असतील, तर एका चिपसाठी बनवलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालेलच असं नाही. म्हणून मोठ्या प्रणालींसाठी कोणत्या जोडण्या असायलाच हव्यात, हे ठरवणारं आरव्हीए२३ हे प्रोफाइल २०२४ मध्ये मंजूर झालं. मोकळीक देणाऱ्यांनाच शेवटी कुंपण घालावं लागलं, ही यातली गंमत.

दोन्ही शेजारी ठेवून बघायचे असतील, तर रास्पबेरी पाय या छोटे संगणक बनवणाऱ्या कंपनीची २०२४ मधली आरपी२३५० ही मायक्रोकंट्रोलर (उपकरणं चालवणारा चिमुकला संगणक) चिप घ्या. तिच्यात दोन आर्म कोर्टेक्स-एम३३ आणि दोन रिस्क-फाइव्ह हॅझार्ड३ कोर आहेत. चालू होताना कोणते वापरायचे ते ठरवता येतं. चिप तीच, किंमत तीच. पण दशांश अपूर्णांकांची गणितं हार्डवेअरमध्ये सोडवण्याची सोय फक्त आर्मच्या कोरना आहे, रिस्क-फाइव्हकडे ती सॉफ्टवेअरमधून करावी लागतात. पूर्णांकांवर भागत असेल, तर कोणतीही जोडी चालेल.