किनेसिओ टेप आणि क्रेप बँडेज: पॅरालिसिसच्या हातासाठी दोन्ही एकच समजू नका

आमच्या दिंडोरीच्या मामांना द्राक्षबागेच्या ऐन गोडी छाटणीत पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू बऱ्यापैकी आला पण हात काही येईना, म्हणून फिजिओथेरपीसाठी ते आमच्याकडे नाशिकला पंचवटीत राहायला आले. फिजिओ मॅडम म्हणाल्या किनेसिओ टेप आणून ठेवा. मी मेडिकलमध्ये जाऊन "हाताला लावायची ती ताणणारी पट्टी द्या" म्हटलं, त्यांनी क्रेप बँडेज दिलं आणि मलाही वाटलं हेच असेल. हात सुजलेला होताच, संध्याकाळी चांगलं घट्ट गुंडाळलं. रात्री मामांना पाणी द्यायला उठले तर बोटांची टोकं निळसर आणि गार पडलेली, आणि मामांना त्याचा पत्ताच नाही कारण त्या हाताला नीट जाणीवच राहिली नव्हती. सोडलं तर मनगटावर विणीचे वळ उमटलेले. हात चोळत बसले होते मी बराच वेळ, डोळ्यात पाणी होतं.

म्हणून सविस्तर लिहितेय. दोन्ही कापडी, दोन्ही ताणतात, पण काम एकदम वेगळं.

क्रेप बँडेज म्हणजे विणलेलं सुती कापड, त्याला गोंद नसतो. ते हाताभोवती सगळीकडून गुंडाळायचं आणि ते चारी बाजूंनी दाबतं, बस एवढंच त्याचं काम. मुरगळलेला पाय, सूज, ड्रेसिंग जागेवर धरून ठेवणं यासाठी ते उत्तमच आहे, धुवून परत वापरता येतं. सुजेसाठी बांधायचं तर बोटांकडून वर कोपराकडे जायचं, वर जाताना थोडं सैल करत, आणि बोटांची टोकं उघडी ठेवायची. नख दाबून सोडायचं, पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदात परत गुलाबी झालं पाहिजे, नाही झालं तर लगेच सोडा. पेशंटला "घट्ट होतंय का" विचारून भागत नाही, त्याला कळतच नसेल तर तो नाहीच म्हणणार.

किनेसिओ टेप गुंडाळायची नसतेच, ती चिकटवायची असते. जपानच्या डॉ. केन्झो कासे यांनी 1970 च्या दशकात ती बनवली आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या खांद्यावर दिसल्यावर जगभर माहीत झाली. साधारण 5 सेंटीमीटर रुंद, 5 मीटरचा रोल, फक्त लांबीच्या बाजूने ताणते, मागे लाटांसारख्या रेघांमध्ये ॲक्रिलिक गोंद असतो जो अंगाच्या उबेने पकडतो. त्यात औषध बिलकुल नसतं, आणि निळी, गुलाबी, काळी, रंगाने काही फरक पडत नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण आमच्या शेजारच्या काकू ती दुखण्याच्या प्लास्टरसारखी समजून गुडघ्याला लावायला मागत होत्या.

आता हातात नक्की काय होतं ते बघा. आत्ता तुमचं मनगट खाली पाडा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळून बघा, जोर लागत नाही ना? आता मनगट जरा वर उचलून आवळा. फरक लगेच कळतो. झटक्यानंतर बऱ्याच पेशंटची बोटं उघडणारे स्नायू कमजोर पडतात, मिटणारे ताठर होतात, मनगट खाली लोंबतं आणि अंगठा तळव्यात घुसून बसतो. मॅडमनी मामांच्या हाताच्या मागच्या बाजूने, कोपराच्या जरा खालून मनगटावरून हातावर एक पट्टी लावली, दोन्ही टोकं अजिबात न ताणता आणि मधे थोडीशी ताणून, आणि एक बारकी पट्टी अंगठ्याच्या बुडातून बाहेर ओढणारी. तळवा मोकळाच. मनगट पूर्ण वर नाही आलं, पण आधीसारखं लोंबेना, आणि अंगठा बाहेर राहिल्यामुळे हातात वस्तू ठेवायला जागा झाली. क्रेपने हे होणारच नाही, ते मागून आणि पुढून सारखंच दाबतं आणि शिवाय व्यायामाच्या वेळी हात झाकून टाकतं.

पण टेपने हात चालू होतो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. यावर अभ्यास झालेत, बरेचसे छोटे आहेत, काहींमध्ये थोडा फायदा दिसला आणि काहींमध्ये तुलनेसाठी नुसत्या दाखवायला लावलेल्या खोट्या टेपइतकाच. माझं मत विचाराल तर टेप व्यायामाला मदत करते, व्यायामाच्या जागी येत नाही. मूठ दगडासारखी आवळलेली असेल तर टेपला ती ताकदच नसते, तिथे स्प्लिंट (हात ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार) किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन लागतं. आणि पहिल्यांदा लावायची ती फिजिओकडूनच.

लावायच्या दिवशी मालिश बंद. आपल्याकडे पॅरालिसिस म्हटलं की सकाळ संध्याकाळ तेल चोळणं चालूच असतं आणि तेलकट कातडीवर टेप तासाभरात सुटते, आमची पहिली पट्टी अशीच वाया गेली. हात धुवून कोरडा करा, केस फार असतील तर कात्रीने कमी करा, टेपचे कोपरे गोल कापा म्हणजे कपड्यात अडकून निघत नाहीत, लावल्यावर वरून चोळा. 3 ते 5 दिवस राहते, अंघोळ चालते, नंतर टॉवेलने टिपायचं. एप्रिल मेमध्ये घामाने आमची लवकर सुटायची. पुरळ, लाली, फोड दिसला तर त्याच क्षणी काढा आणि रोज स्वतः बघा, परत तेच कारण, पेशंटला खाजही जाणवत नसेल. जखमेवर किंवा कागदासारख्या पातळ कातडीवर लावूच नका.

काढताना मात्र तेल लागतं. खोबरेल चोळून दहा मिनिटं थांबायचं, मग एका हाताने कातडी दाबून धरत केसांच्या दिशेने सावकाश गुंडाळत काढायची, ओरबाडायची नाही. काल मी अशीच काढत होते तेव्हा मामांनी डाव्या हाताने टेबलावरची द्राक्षमणी विरळणीची कात्री उचलून उजव्या हातात ठेवली आणि म्हणाले, "थांब गं, नवी लावायच्या आधी एकदा अशीच बघतो." पाती अर्धीच मिटली. पण मिटली.