हॉल गार पडतोय म्हणून पडदे घ्यायला येताय? आधी हे वाचा

दिवाळी झाली की दुकानात एकच प्रश्न, "हॉलमध्ये संध्याकाळी बसवत नाही हो, जाड पडदा दाखवा". दाखवतो की. पण गारठा कापडाच्या जाडीपेक्षा जास्त मापामुळे अडतो आणि नेमकं तिथेच सगळे चुकतात.

बहुतेक जण खिडकीच्या काचेचं माप घेऊन येतात, चार बाय पाच, आणि पाच फुटी तयार पडद्याची जोडी घेऊन जातात. आता होतं काय, रात्री काच गार पडते, काचेला लागलेली हवा गार होऊन जड होते आणि खाली उतरते. पडदा खिडकीच्या कठड्यापाशी संपला तर ती हवा त्याच्या खालून सरळ तुमच्या पायावर. मग आठवड्याने फोन येतो, पडदा लावला पण फरक नाही, आणि लांबी वाढवून द्या. शिवलेल्या पडद्याला खालून तुकडा जोडला तर तो दिसतोच, उसवण्यात आमचा दिवस जातो तो वेगळाच.

तर माप काचेचं नको, रॉडचं घ्या. रॉड चौकटीच्या वर पाच-सहा इंच आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर. तिथून खाली फरशीपर्यंत मोजा आणि अर्धा इंच कमी करा. जुन्या घरात, विशेषतः साताऱ्यातल्या शनिवार पेठ, मंगळवार पेठेकडे, फरशी सरळ नसते, त्यामुळे तीन ठिकाणी मोजा आणि स्टीलच्या टेपने मोजा, शिंप्याची कापडी टेप ताणली जाते. आता रुंदी. पडद्याचं कापड साधारण 48 इंच पन्ह्याचं असतं, चुण्या पडल्यावर त्यातून दोन फूटच झाकलं जातं. म्हणजे सहा फुटी रॉडला तीन पडदे, मधून दोन्हीकडे उघडायचा असेल तर चार. दोनच लावले तर वाळत घातलेल्या चादरीसारखे ताणून बसतात, चुण्या नाहीत की ऊब नाही.

कापड जास्त खपवायला सांगतो असं काहींना वाटतं. कापड जास्त लागतं हे खरंच आहे. पण मग भारी कापडाचा हट्ट सोडा, मधल्या रेंजचं घ्या आणि मागे अस्तर लावा, बिनअस्तरच्या महागड्या पडद्यापेक्षा हे जास्त उबदार होतं. आणि एकदा कात्री लागली की कापड परत घेत नाही, तुमच्या खिडकीच्या मापाचा पडदा आम्ही दुसऱ्या कुणाला विकणार?

बाकी थोडक्यात. दाराखालची फट आणि स्लायडिंग खिडकीची झिजलेली ब्रशपट्टी आधी बघा, त्यासाठीच्या पट्ट्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आमच्याकडे नाही. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, त्या बाजूचे पडदे दिवसा पूर्ण उघडे ठेवा आणि दिवस मावळला की लगेच ओढा, रात्री झोपताना नाही. टाइल्स गालिच्यापेक्षा जास्त गार असतात असं नाही, पायाची ऊब त्या भरभर खेचतात, म्हणून सोफ्यासमोर गालिचा, नाहीतर घरातलं माणदेशी घोंगडं असेल तर तेच अंथरा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. पांढरीफेक ट्यूब काढून 2700 किंवा 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब लावा, खोली गरम होत नाही पण बसावंसं वाटतं. 2000 वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो, लावलाच तर पडद्यापासून तीन फूट तरी लांब. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेत जीव जातो.

माप घ्यायला आमचा माणूस सातारा शहरात फुकट येतो, शाहूपुरी, गोडोली, करंजे सगळीकडे. वाई, पाचगणी, महाबळेश्वरला फक्त पेट्रोलचे पैसे, आणि ऑर्डर दिली तर ते बिलातून वजा. शिलाईला आठवडा लागतो, लग्नसराईत थोडा जास्त. येताना मोबाईलवर खिडकीचा लांबून एक फोटो काढून आणा, सोफा कुठे आहे तो पण दिसू दे.