‘मशीन चुकीचं दाखवतंय’ असा फोन करायच्या आधी हे वाचा

आमच्याकडून स्ट्रोक व्हॉल्यूम मॉनिटर भाड्याने किंवा विकत घेतलेल्या सगळ्या आयसीयू आणि रिसर्च टीमसाठी हे पत्रक आहे. मॅन्युअल आहेच, पण ते कोणी उघडत नाही हे आम्हाला माहितीये (आम्हीही टीव्हीचं उघडत नाही). आणि फोन तर फिरून फिरून त्याच तीन-चार गोष्टींसाठी येतात, म्हणून त्या एकदाच लिहून टाकतोय.

आधी नावाचा गोंधळ. बायपास झालेल्या पेशंटचे नातेवाईक काचेतून स्क्रीन बघतात, तिथे मोठ्या अक्षरात ‘स्ट्रोक व्हॉल्यूम’ दिसतं आणि सिस्टरला विचारतात, अहो यांना स्ट्रोक पण आला का? नाही आला. हा स्ट्रोक म्हणजे टू-स्ट्रोक स्कूटरमधला स्ट्रोक, पंपाचा एक ठोका. मेंदूचा स्ट्रोक म्हणजे पक्षाघात, लकवा, तो वेगळा, आणि उन्हाने येतो तो उष्माघात, तो तिसराच. उलट बाजूनेही गंमत होते, ‘घरी आई-वडिलांसाठी स्ट्रोक मॉनिटर हवाय’ असे फोन येतात. आम्ही विकत नाही कारण आमचं मशीन मेंदूतला स्ट्रोक ओळखतच नाही. त्यासाठी तोंड वाकडं झालंय का, एक हात खाली पडतोय का, बोलणं अडखळतंय का एवढंच बघायचं, माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवायची आणि जिथे सीटी स्कॅन होतो त्या हॉस्पिटलात लगेच न्यायचं. मशीन मागवत बसायचं नाही.

आमचं मशीन सांगतं की हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात किती रक्त बाहेर टाकतो. साधारण मोठ्या माणसात ६० ते १०० मिली. ७० मिली गुणिले ७० ठोके म्हणजे मिनिटाला ४.९ लिटर, तो झाला कार्डियाक आउटपुट. हे तुम्हाला माहितीच आहे, पुढे जाऊ.

आता मुख्य मुद्दा, ज्यात तुमचाही वेळ जातो आणि आमचाही. रात्री सव्वादोनला फोन, ‘स्ट्रोक व्हॉल्यूम ३८ दाखवतोय, पेशंट तर गप्पा मारतोय, मशीन खराब आहे, दुसरं पाठवा’. मी स्वतः दुसरं मशीन गाडीत टाकून गेलो. बघतो तर आर्ट लाइनला (प्रेशर मोजायला धमनीत घातलेली नळी) साध्या सलाइनची मऊ एक्स्टेंशन जोडलेली, कारण पेशंटला कूस बदलताना ओरिजिनल ट्यूब पुरत नव्हती, थ्री-वेमध्ये (नळ्या जोडायची तीन तोंडांची तोटी) हरभऱ्याएवढा बबल, आणि प्रेशर बॅगचा (लाइनचं सलाइन दाबाखाली ठेवणारी पिशवी) काटा १५० वर आलेला. वेव्हफॉर्म एकदम गोलगोल, डायक्रॉटिक नॉच (लाट उतरतानाची छोटी खाच) गायब. एक्स्टेंशन काढली, बबल बाहेर काढला, बॅग ३०० ला भरली, झीरो केलं (बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरायला लावला) आणि दोन मिनिटांत तेच ‘खराब’ मशीन ६१ दाखवायला लागलं. नवीन मशीन गाडीतून उतरलंच नाही.

असं का होतं ते एकदा समजून घ्या म्हणजे परत सांगावं लागणार नाही. आर्ट लाइनवाला मॉनिटर रक्त मोजत नाही, तो प्रेशरच्या लाटेचा आकार बघून हिशोब करतो. लाट मऊ ट्यूबने किंवा बबलने दबली की सिस्टोलिक कमी दिसतं, डायस्टोलिक जास्त दिसतं, मीन मात्र जवळपास बरोबरच राहतो, म्हणून बघणाऱ्याला संशय येत नाही. पण वरच्या-खालच्या प्रेशरमधलं अंतर कमी झालं की मशीनला वाटतं हृदय कमी रक्त फेकतंय. मशीन खोटं बोलत नाहीये, त्याला दिलेली लाट खोटी आहे.

म्हणून आकडा विचित्र वाटला की पहिलं काम फास्ट फ्लश. फ्लशची शेपटी ओढा आणि सोडा, स्क्रीनवर चौकोनी लाट वर जाते आणि खाली येताना एक-दोन हेलकावे खाऊन शांत होते, ही चांगली लाइन. एकही हेलकावा नाही, सावकाश घसरत खाली आली तर लाइन दबलेली आहे, बबल, गुठळी, वाकलेला कॅन्युला, ढिली बॅग, यातलंच काहीतरी. तीन-चार-पाच हेलकावे खात राहिली तर उलटं, ट्यूब गरजेपेक्षा लांब वगैरे, आणि मग सिस्टोलिक फुगवून दाखवते. शिफ्ट बदलताना प्रत्येक वेळी हे एकदा करा, दहा सेकंद लागतात.

दुसरी गोष्ट लेव्हल. ट्रान्सड्यूसर (प्रेशर टिपणारा सेन्सर) हृदयाच्या उंचीला हवा, म्हणजे चौथी बरगड्यांमधली जागा आणि काखेची मधली रेष जिथे मिळतात तिथे. बेड वर-खाली केला आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवर तिथेच राहिला तर दर १० सेंमीला साधारण ७.५ मिलिमीटर पाऱ्याची चूक होते. छोटी वाटते ना? थ्रॉम्बेक्टमी (मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी नळीने काढणं) झालेल्या पेशंटला पहिले २४ तास प्रेशर १८०/१०५ च्या आत ठेवायचं असतं. खरं सिस्टोलिक १७४ आहे, ट्रान्सड्यूसर १० सेंमी खाली लटकतोय, स्क्रीन १८१ दाखवते आणि कोणीतरी प्रेशर उतरवायचं इंजेक्शन देतं ज्याची गरजच नव्हती. न्यूरो आयसीयूमध्ये अजून एक भानगड आहे, काही ठिकाणी मेंदूचं परफ्युजन प्रेशर (मेंदूत रक्त ढकलणारा दाब) काढायला ट्रान्सड्यूसर कानाच्या उंचीला लावतात. तेही बरोबर आहे, पण मग डोकं ३० अंश वर असताना त्या प्रेशरमध्ये आणि हृदयाच्या उंचीच्या प्रेशरमध्ये बराच फरक पडतो. कुठल्या उंचीला लावलंय ते चार्टवर लिहा आणि दिवसपाळी-रात्रपाळीने एकच पद्धत ठेवा. सकाळी कान, रात्री छाती असं करून ट्रेंड बघायला गेलात तर त्यातून काहीच कळणार नाही.

तिसरं, ‘नवीन पेशंट’ बटण. हे इतकं साधं आहे की लिहायला लाज वाटते, पण आधीच्या पेशंटचं वय, उंची, वजन तसंच राहतं आणि मशीन त्याच हिशोबाने रक्तवाहिन्यांचा ताठरपणा धरून चालतं. स्ट्रोकच्या पेशंटमध्ये वजन हा एरवीही नाजूक विषय, तो उभा राहू शकत नाही, नातेवाईक अंदाजाने सांगतात, आणि त्याच वजनावर अल्टेप्लेजचा (गुठळी विरघळवायचं औषध) डोस ठरतो, किलोला ०.९ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त ९०. बेडला काटा असेल तर एकदा खरं वजन घ्या आणि दोन्हीकडे तेच टाका.

आता एसव्हीव्हीबद्दल (स्ट्रोक व्हॉल्यूम ठोक्याठोक्याला किती टक्के बदलतो तो आकडा), कारण इथे मशीन बरोबर असतं आणि वाचणारा चुकतो. एसव्हीव्ही १३ टक्क्यांच्या वर म्हणजे फ्लुइड द्या, एवढंच बऱ्याच जणांच्या लक्षात राहिलंय. पण हा नियम पेशंट पूर्ण व्हेंटिलेटरवर असेल, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात आत जाणारी हवा) किलोला ८ मिलीच्या आसपास असेल आणि ठोके नियमित असतील तरच चालतो. स्ट्रोकच्या वॉर्डात तर एट्रियल फिब्रिलेशनवाले (हृदयाचे ठोके अनियमित पडणारे) भरपूर, बऱ्याच जणांना गुठळी तिथूनच गेलेली असते. त्या पेशंटमध्ये प्रत्येक ठोका लहान-मोठा असतो, म्हणून एसव्हीव्ही २५ दाखवेल, ३० दाखवेल, त्याचा फ्लुइडशी काही संबंध नाही. स्वतःहून श्वास घेणाऱ्या पेशंटचंही तेच. अशा वेळी पाय वर करून बघायची टेस्ट बरी, पेशंट अर्धवट बसलेला, बेडच्या रिमोटनेच पाठ सपाट आणि पाय ४५ अंश वर (हाताने पाय उचलू नका, पेशंटला दुखतं किंवा तो दचकतो आणि तेवढ्यानेच आकडा बदलतो), आणि एक-दीड मिनिटाच्या आत स्ट्रोक व्हॉल्यूम १० टक्के किंवा जास्त वाढला का ते बघायचं. मेंदूतलं प्रेशर वाढलेलं असेल तर मात्र डोकं सपाट करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, ही टेस्ट त्या पेशंटसाठी नाही.

‘इकोमध्ये वेगळं आलं’ ही तक्रार पण नेहमीची. इको आम्हाला आवडतो, पण तोही हिशोबच करतो. आउटफ्लो ट्रॅक्टचा (डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडायची वाट) व्यास २ सेंमी मोजला आणि व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त तिथून किती सेंमी पुढे जातं) २० आला तर स्ट्रोक व्हॉल्यूम साधारण ६३ मिली. तोच व्यास कोणी १.८ मोजला तर ५१. दोन मिलिमीटरच्या फरकात १२ मिली गेले, कारण व्यासाचा वर्ग होतो. १९९९ मध्ये क्रिचली आणि क्रिचली यांनी दोन पद्धतींची तुलना करताना ३० टक्क्यांपर्यंत एरर चालवून घ्यावी असं मांडलं आणि अजूनही लोक तोच निकष लावतात. म्हणजे कुठल्याही मशीनचा एकटा आकडा पकडून भांडण्यात अर्थ नाही, आमच्या मशीनचाही नाही. आकडा वर जातोय की खाली, औषधानंतर किती बदलला, फ्लुइडनंतर किती, ते बघा. त्यासाठी हे मशीन खरोखर चांगलं आहे आणि हे मी विकतो म्हणून सांगत नाहीये (बरं, थोडं म्हणूनही).

रिसर्चवाल्यांसाठी थोडं वेगळं. आम्हाला विचारतात की तुमच्या मॉनिटरने स्ट्रोकचा रिझल्ट सुधारतो का. सरळ सांगतो, तसं सिद्ध झालंय असा दावा आम्ही करत नाही. स्ट्रोकच्या उपचारात ज्या अभ्यासांनी चित्र बदललं ते सगळे वेळेचे आणि गुठळीचे आहेत. १९९५ च्या एनआयएनडीएस ट्रायलने ३ तासांच्या आत अल्टेप्लेज, २००८ च्या ईकॅस-३ ने ते साडेचार तासांपर्यंत नेलं, २०१५ मध्ये मिस्टर क्लीन आणि मागोमाग आलेल्या ट्रायल्सनी थ्रॉम्बेक्टमी पक्की केली, २०१८ मध्ये डॉन ट्रायलने निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत खिडकी उघडली. यात स्ट्रोक व्हॉल्यूम कुठेच नाही. पण प्रश्न त्यानंतर सुरू होतो. गुठळी निघाली, आता प्रेशर किती ठेवायचं? २०२२ च्या एन्चांटेड-२ एमटी मध्ये सिस्टोलिक १२० च्या खाली न्यायचा प्रयत्न नुकसानीचा ठरला आणि ट्रायल लवकर थांबवावी लागली, २०२३ च्या ऑप्टिमल-बीपी मध्ये १४० च्या खाली नेणंही महाग पडलं. इथे आमच्यासारख्यांना बोलायला जागा आहे, कारण प्रेशर म्हणजे फ्लो नव्हे. १५० चं सिस्टोलिक चांगल्या पंपामुळेही असतं आणि आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळेही, आणि कफ दोघांत फरक सांगत नाही. मेंदूच्या दुखावलेल्या भागात स्वतःचा फ्लो सांभाळायची ताकद कमी झालेली असते, तिथे हा फरक महत्त्वाचा असू शकतो. हा प्रश्न घेऊन कोणी अभ्यास करत असेल तर आम्हाला नक्की सांगा, डेटा काढायची केबल आणि सेटिंगला आमचा माणूस, दोन्ही आम्ही देतो, त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

फक्त दोन विनंत्या. अभ्यास सुरू झाल्यावर मध्येच मशीनचं मॉडेल बदलू नका, अगदी आमचंच नवीन मॉडेल आलं तरी. आणि पहिल्याच दिवशी मॉनिटरचं घड्याळ वॉर्डच्या घड्याळाशी जुळवा. एका टीमचा तीन महिन्यांचा डेटा आमच्याकडे आला, मॉनिटर ११ मिनिटं मागे, आता औषध आधी दिलं की आकडा आधी बदलला हे कसं कळणार? सेव्हर यांच्या २००६ च्या हिशोबाने मोठ्या रक्तवाहिनीच्या स्ट्रोकमध्ये मिनिटाला १९ लाख न्यूरॉन जातात, त्या विषयातल्या अभ्यासात ११ मिनिटं इकडची तिकडे. ते सगळं हाताने जुळवायला आमच्या मुलाचे चार दिवस गेले.

गुठळी विरघळवायचं औषध दिलेल्या पेशंटला नवीन आर्ट लाइन टोचायला डॉक्टर टाळतात आणि बरोबरच आहे. अशा वेळी छातीला चिकटवायच्या इलेक्ट्रोडवाला मॉनिटर आमच्याकडे आहे, तो मागवा. त्यालाही नखरे आहेत, घाम, छातीवरचे केस, हलणारा पेशंट, पण निदान टोचावं लागत नाही.

काही जण रागावतात की आम्ही लगेच माणूस का पाठवत नाही, आधी फास्ट फ्लशचा व्हिडिओ का मागतो. कारण दहातले सात-आठ फोन त्या व्हिडिओवरच मिटतात आणि माणूस पोचेपर्यंत तुम्ही दीड तास चुकीचा आकडा बघत बसत नाही. व्हिडिओत फक्त स्क्रीन घ्या, पेशंटचा चेहरा, नाव किंवा केस पेपर नको. फोन करताना पेशंट व्हेंटिलेटरवर आहे का, ठोके नियमित आहेत का, झीरो कधी केलं आणि मशीनच्या मागचा सिरियल नंबर, एवढं हाताशी ठेवा. फ्लश चांगला येऊनही आकडा जमत नसेल तर रात्र असो की सुट्टी, आम्ही दुसरं मशीन घेऊन निघतो, त्यावर वाद घालत नाही.

आणि मशीन परत देताना केबल पुसून द्या, बुडवून नका देऊ. कनेक्टरमध्ये पाणी गेलं की पुढच्या हॉस्पिटलला झीरोच होत नाही, आणि मग तेही आम्हाला फोन करतात.