आज गळलेला केस सुटला कधी?

‘गोळी चालू केली आणि केस जास्तच जायला लागले. मग मीच बंद केली.’ थायरॉईड कमी पडण्याचा त्रास असलेल्या बायका जमल्या की, मग तो लोकलचा लेडीज डबा असो की सोसायटीतलं हळदीकुंकू, हे वाक्य कानावर पडतंच. दोघीतिघी माना डोलावतात, एखादी तेलाचं नाव सुचवते आणि गोळ्यांची बाटली कपाटात मागे सरकते. मला या वाक्याची काळजी वाटते, कारण त्यातलं निरीक्षण बरेचदा खरं असतं. केस खरंच गळतात आणि गोळी सुरू केल्यावरच गळतात. चुकतो तो काळाचा हिशोब, आणि त्यापायी नेमकं हवं असलेलं औषध बंद होतं.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या एका इवल्याशा पिशवीतून उगवतो, तिला फॉलिकल म्हणतात. ही पिशवी अखंड काम करत नाही. दोन ते सहा वर्षं ती केस वाढवते, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत तिचा खालचा भाग आक्रसतो आणि कारखाना बंद होतो. त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांती. या तीन महिन्यांत केस वाढत नाही, पण पडतही नाही. तो जागेवर नुसता अडकून असतो. पुढे त्याच पिशवीत नवा केस उगवू लागतो आणि जुना सुटतो, दुधाचा दात खालून नवा दात वर येताना पडतो तसा.

आता थोडं गणित. निरोगी डोक्यावर कुठल्याही दिवशी दहाएक टक्के केस विश्रांतीत असतात, म्हणजे दहा हजार. ते शंभरेक दिवसांत गळायचे, म्हणजे रोज शंभर. रोज पन्नास ते शंभर केस जाणं स्वाभाविक आहे असं डॉक्टर म्हणतात, ते या हिशोबानेच. शरीराला मोठा हादरा बसला (टायफॉइड, डेंगी, मोठं ऑपरेशन, बाळंतपण) की वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात. समजा विश्रांतीतल्या केसांचं प्रमाण दहावरून तीस टक्क्यांवर गेलं, तर रोजचे शंभराचे तीनशे होतात. पण ते होतात तीन महिन्यांनी! अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराचं वर्णन करून त्याला टेलोजेन एफ्लुवियम असं नाव दिलं.

बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस गळतात, असं घरातल्या मोठ्या बायका म्हणतात. निरीक्षण अचूक आहे. बाळ हसायला लागतं दोन-तीन महिन्यांचं होताना आणि बाळंतपणात विश्रांतीत गेलेले केस सुटायला लागतात त्याच सुमाराला. बाळाच्या हसण्याचा त्यात काही हात नाही आणि नजर लागण्याचाही नाही. थायरॉईडच्या गोळीवर येतो तो आळही याच जातीचा.

थायरॉईडचा केसाशी संबंध काय? फॉलिकलच्या तळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. एवढा वेग ठेवायचा तर सतत आदेश लागतो, आणि तो देणाऱ्यांपैकी एक म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक (हार्मोन). गळ्यातली ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. पेशींमधलं एक विकर (एन्झाइम) त्यातला एक अणू काढून टी-३ तयार करतं, आणि हे टी-३ पेशीच्या केंद्रकात जाऊन कुठली जनुकं चालू ठेवायची ते ठरवतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात माणसाच्या डोक्याच्या त्वचेतले फॉलिकल प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यांना थेट ही संप्रेरकं दिली. टी-४ मिळालेल्या फॉलिकलचा वाढीचा काळ लांबला, आणि टीजीएफ-बीटा-२ नावाचं, केसाला ‘आता थांब’ सांगणारं प्रथिन कमी झालं. रक्त नाही, मेंदू नाही, बाकीचं शरीर नाही, नुसता फॉलिकल आणि संप्रेरक! केस थायरॉईडचं म्हणणं स्वतः ऐकतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. संप्रेरक कमी पडलं की वाढ लवकर थांबते आणि नव्या केसाची सुरुवातही रेंगाळते. ते फार जास्त झालं तरी केस गळतात, म्हणून डोस वाढवून केस वाढत नाहीत.

आता कॅलेंडर घेऊन बसा. समजा जानेवारीत टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉईड कमी पडलं की हे वाढतं) वाढलेलं निघालं आणि गोळी सुरू झाली. फेब्रुवारीत न्हाणीघराच्या जाळीवर अडकलेला केस विश्रांतीत गेला होता नोव्हेंबरात, गोळीच्या आधी. गोळी म्हणजे बाहेरून दिलेलं टी-४च. ते रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे एक आठवडा घेतं, त्यामुळे त्याची पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात ती यासाठी. म्हणजे मार्चपर्यंत काही फॉलिकल अजून विश्रांतीत जातच असतात आणि त्यांचे केस जूनपर्यंत गळत राहतात. त्यात ज्या फॉलिकलना पुन्हा आदेश मिळाला, ते नवा केस उगवताना जुना सोडतात. पहिल्या काही महिन्यांत केस तात्पुरते गळू शकतात, असं या गोळीच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं. मार्चमध्ये घाबरून गोळी सोडली, तर जूनमध्ये नवी लाट येते आणि ‘बघा, बंद करूनही थांबलं नाही’ असं वाटतं.

गळलेला केस उजेडात धरून पाहा. टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याहूनही बारीक गोळा दिसला तर तो विश्रांती पुरी करून मुळातून सुटलेला केस आहे. पुष्कळ जणी हा गोळा पाहून ‘मूळच उपटून आलं’ म्हणून हादरतात. मूळ त्वचेतच असतं. गोळा नसेल तर केस मधूनच तुटलाय, आणि तुटण्याची कारणं वेगळी: घट्ट वेणी, स्ट्रेटनिंग, कलर. मुंबईत सगळा दोष पाण्यावर जातो. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचं पाणी मुळात पावसाचं, म्हणजे कमी क्षारांचं. बोअरवेलच्या आणि टँकरच्या जड पाण्याने केस राठ होतील, तुटतीलही, पण फॉलिकलला विश्रांतीत पाठवणं पाण्याला जमत नाही.

तेलापाठोपाठ येते बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी, आणि हिच्याबद्दल थायरॉईडच्या प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवं. बायोटिनची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. केसांना त्याचा उपयोग होतो तो बायोटिनचीच कमतरता असेल तर, आणि ती फार क्वचित असते. खरा घोळ रक्ततपासणीत होतो. पुष्कळ लॅबमध्ये टीएसएच मोजताना त्याला दोन्ही बाजूंनी दोन प्रतिपिंडं (अँटिबॉडी) चिकटवतात. एकावर बायोटिन जोडलेलं असतं, ते स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रथिनाला घट्ट धरतं. दुसऱ्यावरच्या खुणेतून प्रकाश येतो आणि तो मोजला जातो. रक्तात गोळीतलं बायोटिन भरपूर असेल तर स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा तेच अडवतं, टीएसएच धुऊन जातं आणि आकडा खोटा कमी येतो. टी-४ मोजायची पद्धत उलटी आहे, तिथे कमी प्रकाश म्हणजे जास्त संप्रेरक, म्हणून तो आकडा खोटा जास्त येतो. दोन्ही आकडे मिळून ‘थायरॉईड जास्त झालं’ असं हुबेहूब चित्र उभं करतात. डोस कमी केला जातो, आणि तीन महिन्यांनी केस पुन्हा गळतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा आणि घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा.

सेलेनियम या खनिजाचंही तसंच. टी-४ चं टी-३ करणाऱ्या विकरात सेलेनियम असतं, एवढ्या धाग्यावर व्हॉट्सॲपवरून त्याच्या गोळ्या खपवल्या जातात. पण सेलेनियम जास्त झालं तर त्याचं ठळक लक्षणच केसगळती आहे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत मुठीमुठीने गेले, ‘टक्कल व्हायरस’ची अफवा उठली, तेव्हा महाडचे डॉक्टर-संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडेच बोट दाखवलं होतं.

मग करायचं काय? गोळी रोज, उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. पहाटेची लोकल पकडणाऱ्यांना हे कठीण जातं. त्यांनी रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारावं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. बाटली ओट्यावर किंवा न्हाणीघरात ठेवू नका, आपल्या पावसाळ्यातली दमट हवा या औषधाला सोसत नाही. टीएसएच जागेवर येऊनही केस जात असतील तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. नुसत्या थायरॉईडकडे बघून लोह विसरणं आपल्याला परवडणारं नाही.

केस धुणं टाळू नका. आठवडाभर न धुतलेले, सुटून अडकलेले केस एकदम हातात येतात आणि धसका बसतो. केस आखूड कापले, भांग बदलला तर विरळपणा कमी दिसतो; त्यात कमीपणा काहीच नाही. आरशापुढे रडू येणं हेही साहजिक आहे, आणि घरच्यांनी ‘केसांचं काय एवढं’ म्हणू नये. नवे केस कपाळाजवळ आखूड, उभे, तेल लावूनही न बसणारे दिसतात. ते खांद्यापर्यंत यायला दोनेक वर्षं लागतील.

भांग दिवसेंदिवस रुंद होत असेल तर ती आनुवंशिक विरळी असू शकते, तिला मिनॉक्सिडिलसारखं वेगळं औषध आहे, मात्र गरोदरपणात ते चालत नाही. रुपयाएवढी गुळगुळीत चकती दिसली तर ती चाई. तिच्यात कीड नसते. हाशिमोटो या थायरॉईडच्या आजाराप्रमाणेच तिथेही आपली प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटलेली असते. लसूण चोळून कातडी भाजून घेण्याऐवजी पालिकेच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयातली त्वचारोगाची ओपीडी गाठा, आणि जाताना थायरॉईडचे जुने रिपोर्ट तारखांसकट बरोबर न्या.