'अप्रॉक्सिमेट' म्हणजे 'जवळजवळ' नव्हे

गोव्याचा सरकारी कारभार 1961 पर्यंत पोर्तुगीजमध्ये चालला. त्यामुळे इथली जमिनीची जुनी खरेदीखतं मराठीत उतरवताना 'आप्रोसिमादामेंत' हा शब्द अडवतो. इंग्रजी 'अप्रॉक्सिमेट'चा हा सख्खा भाऊ. स्पेलिंगमध्ये 'एक्स' तोच, पोर्तुगीज उच्चार मात्र 'स'. दोघांचं मूळ लॅटिन 'प्रोक्सिमुस', म्हणजे सर्वांत जवळचा. इंग्रजीतही आधी अर्थ नुसता 'निकटचा' होता. 'अचूक नाही, पण अचूकाला लागून' हा अर्थ मागाहून चिकटला.

हीच कल्पना आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास संस्कृतात मांडली होती. व्यास 20,000 असेल तर परीघ 62,832, असं सांगताना त्याने शब्द वापरला 'आसन्न', म्हणजे जवळ येऊन बसलेला. भागाकार येतो 3.1416. आकडा चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर असूनही त्याला तो अंतिम म्हणवला नाही, हे विशेष.

हे 'जवळ' किती जवळ? दोन मीटर व्यासाच्या विहिरीला चिऱ्यांचा कठडा बांधायचा आहे, असं धरा. परीघ व्यासाच्या तिप्पट धरला तर 6 मीटर येतो आणि 28 सेंटीमीटरची फट उरते. 22/7 घेतलं तर चूक अडीच मिलिमीटरची, ती चुन्यात मुरते. आर्यभटाच्या आकड्याने ती मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. कोणत्याही गवंड्याला इतकं पुरे.

घोळ होतो तो मराठीत आणताना. शब्दशः बघितलं तर 'जवळजवळ' हाच नेमका प्रतिशब्द वाटतो. पण 'जवळजवळ 500 मीटर' ऐकणारा 500 पेक्षा थोडं कमीच धरतो. 510 ला कुणी जवळजवळ 500 म्हणत नाही. 'अप्रॉक्सिमेट' दोन्ही बाजूंना सरकतो, 490 लाही चालतो नि 510 लाही. खतात 'जवळजवळ' लिहिलं की घेणाऱ्याला वाटतं, जमीन कमी भरणार. तिथे 'सुमारे' किंवा 'अंदाजे' हवं. दोन्ही शब्द फारसीतून आलेले: 'शुमार' म्हणजे मोजणी, म्हणून न मोजता येणारं ते बेसुमार, आणि 'अंदाज'मधला फेकण्याचा धातू तोच, जो तिरंदाजात आणि गोलंदाजात आहे. (सुमार दर्जाचा 'सुमार' हाच, बिचारा घसरला.)

खतात पोर्तुगीज 'माइज ओ मेनुश', म्हणजे 'अधिक किंवा कमी', असेल तर प्रश्नच नाही. 'कमी-अधिक' लिहावं, फक्त शब्दांचा क्रम उलटा होतो.